मागं बसणारी

"ऑल राइट?" असं कुणी विचारलं नाही, आणि यान उडालंसुद्धा.

"ओ दादा," सिद्धेश्वरी हेडफोन सावरत म्हणाली, "निघताना मागच्याला इचारायचं असतंय की."

"काय इचारायचं?" पुढच्या सीटवरचा येडू नावाचा गडी म्हणाला. हा कुठला कोण, तिला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरनेच दोघांची जोडी लावून दिली होती.

"मी बसली का न्हाय ते."

"बसलाव की. आता मारा म्हंजे झालं."

खेळ अवकाशातल्या लढाईचा. एका यानात दोघं. पुढचा चालवतो, मागचा पाठमोरा बसून पाठलाग करणाऱ्यांवर तोफ डागतो. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलांच्या कारखान्यात दिवसभर सुटलेले धागे हुडकणारी, चाळिशी ओलांडलेली ही बाई शनिवारी संध्याकाळी तोफ चालवते, हे कळल्यापासून गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. हौसेला मोल नसतं, असं म्हणून तीही हसण्यावारी नेई. पण ती नुसती हौस नव्हती. एरवी पुढच्या सीटवर शिवू असायचा, तिचा धाकटा भाऊ, पुण्याहून. आईवडील गेल्यापासून ती सोलापुरात एकटी राहत होती आणि भावाबहिणीचं जे काही बोलणं उरलं होतं, ते त्या यानातच होत होतं.

वडील होटगी जंक्शनला मालगाडीवर गार्ड होते. मागून गार्डाने ‘ऑल राइट’ म्हणून हिरवं निशाण दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, याचा त्यांना कोण अभिमान. सिद्धेश्वरीने आपल्या पगारातून शिवूला शिकायला म्हणून कॉम्प्युटर आणला आणि त्यावर शिक्षणाआधी हा खेळच आला, तेव्हा वडील रागावायचे सोडून म्हणाले, "गार्डाची जागा थोरल्यानं घ्यायची." तेव्हापासून शिवू विचारी, "अक्का, ऑल राइट?" ती म्हणे, "ऑल राइट." मगच गाडी हले. हो, यानाला ते गाडीच म्हणत. पुढे इंटरनेट आलं, खेळाच्या नव्या आवृत्त्या आल्या, शिवू पुण्याला गेला, तरी विचारणं चुकलं नाही. गाडीला नाव आईचं होतं. अक्कम्मा.

त्यांची पहिली जॉयस्टिक जुन्या बाजारातली. उजवीकडे अडकायची. त्यामुळे कुणी पाठीशी लागो की चकवो, शिवू डावीकडेच वळे. पुढे चांगली जॉयस्टिक आली तरी खोड गेली नाही. सिद्धेश्वरीने त्याला कधी टोकलं नाही. शत्रू मागे दिसला की ती तोफ आधीच त्या अंगाला फिरवून ठेवी, आणि आपण किती चपळ आहोत म्हणून शिवू खूश होई.

महिन्यापूर्वी शिवूचा कॉम्प्युटर बिघडला. निदान त्याने तसं सांगितलं होतं. दुरुस्त होईस्तोवर आपला नेम बिघडू नये, म्हणून आज ती परक्याच्या मागे बसली होती. खिडकी मात्र सवयीने लावून घेतली होती. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट हेडफोनमध्ये येतो, ही शिवूची तक्रार. त्यासाठी सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा ती खिडकी लावून घामाघूम होत बसायची.

"आलं बगा एक, मागनं!" येडू ओरडला.

तिने पाहिलं. यान जवळ आलं, आणि त्यावरचं नाव वाचता आलं. अक्कम्मा.

पहिल्यांदा तिला वाटलं, चोरी झाली. शिवूचा पासवर्ड कुणीतरी लांबवला. बिचाऱ्याला पत्ताही नसेल. आत्ताच्या आत्ता फोन करावा म्हणून तिने हातसुद्धा पुढे केला. तेवढ्यात येडूने झोकात गिरकी मारून त्या यानाची पाठ धरली, आणि कोपऱ्यातल्या नकाशावर ते यान डावीकडे वळताना दिसलं.

चोर काहीही चोरेल, पण ही खोड कुठून आणणार?

सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबून ती म्हणाली, "शिवू, हिंदे." आई बोलायची त्या कानडीत. मागं बघ. इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती.

उत्तर आलं ते भलत्याच माणसाचं, हसत. अक्कम्माच्या मागच्या सीटवरून. त्या यानातलं बोलण्याचं बटणही नकळत चालूच राहिलं होतं. "कोण रे ही? तुझं नाव घेतेय. ओळखीची आहे का?"

"नाही रे," शिवू म्हणाला. स्वच्छ, पुणेरी. "असेल कुणीतरी."

"आणि हे अक्कम्मा काय प्रकार आहे? विचारायचंच राहिलं."

"काही नाही. गेमनेच दिलेलं नाव आहे."

शिवूने महिनाभर ताकास तूर लागू दिली नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. सिद्धेश्वरीला राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. या माणसासाठी आपण खिडकी लावून बसलो होतो.

येडूने यान पुढे काढलं. अक्कम्मा पुन्हा पाठीशी आली, आणि येडूने वाकडंतिकडं करून तिला असं काही चकवलं की आता तिला वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती कुठे वळणार, हे साऱ्या आकाशात एकट्या सिद्धेश्वरीला ठाऊक होतं. तिने तोफ तिकडे नेऊन ठेवली. अक्कम्मा आपसूक तोफेच्या तोंडी आली. आईचं नाव पडदाभर झालं.

"मारा की! मारा!"

तिने बटणावरचं बोट उचललं.

पुढच्या क्षणी त्यांच्याच यानाच्या चिंधड्या झाल्या. "कुटं बगत हुता ओ तुमी?" येडू कळवळला.

"चुकलं माजं, भाऊ," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

मग तिने शिवूला फोन लावला. तो लगेच उचलला गेला नाही.

"काय गं अक्का?"

"कॉम्प्युटर झाला का नीट?"

"न्हाय गं. अजून दुकानातच हाय," शिवू म्हणाला. तिच्याशी बोलताना त्याची बोली बरोब्बर होटगीची व्हायची. आजवर तिला त्याचं कौतुक होतं.

"बरं," ती म्हणाली. "तुज्या मागं बसतोय त्याला एक सांगून ठिव. तू डावीकडंच वळतूस. त्यानं तोफ आदीच तिकडं फिरवून ठिवायची. मी ठिवत हुते. त्याला कुनी सांगितलं नसंल."

तिकडे हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अक्का," तो म्हणाला, "आफिसातली पोरं हायती गं ती. त्यांच्यात…"

"ऑल राइट," सिद्धेश्वरी म्हणाली. "जा तू आता."

तिने फोन ठेवला, हेडफोनची वायर गुंडाळली आणि उठून खिडकी उघडली. शेजारचा माग चालू होता. त्याचा खडखडाट खोलीभर आला, आणि ती तिथेच वाऱ्याला उभी राहिली.