दोन बोटं उंच झालेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नाही, एका माणसाने बसायची. आज माझ्या मध्यभागी खड्डा पडला आहे आणि कडेच्या शिवणीत दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात. पण मी आभाळात जाऊन आले आहे.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला. तिथल्या प्रियदर्शनीला पायलट व्हायचं होतं. बारावीनंतर तिने आपल्या आईला, इंदूबाईला, सगळ्या वाटा समजावून सांगितल्या. परदेशात लवकर शिकवतात, पण तिथे पाठवणार कोण? एनसीसीत ग्लायडर उडवायला मिळतं, पण तेवढ्यावर नोकरी मिळत नाही. उरली अमरावतीजवळच्या धावपट्टीवरची शाळा.

इंदूबाईने शिलाई मशीन थांबवलं. "मंग तिथंच जाय ना. अडचन काय हाये?"

"अडचन मीच हाये आई. बुटकी पडते मी. सीटवर बसलं का समोरचं दिसतच नाई."

"एवढंच होय?" इंदूबाई म्हणाली.

तेल्हाऱ्याच्या तिच्या भावाने शेतातल्या कापसाची रुई पाठवली. प्रियदर्शनीचे बाबा, देवमन, एसटीवर ड्रायव्हर. त्यांच्या जुन्या खाकी पँटची खोळ झाली. इंदूबाईने मला दाबून, ठोकून, टाके घालून घट्ट केलं. माझ्यावर बसल्यावर प्रियदर्शनीला विमानाच्या नाकावरून धावपट्टी दिसू लागली.

शिकवणारे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बसायची उंची रोज तीच पाहिजे. डोळा बोटभर वरखाली झाला तर जमीन वेगळी दिसते." म्हणून ती उडण्याआधी काचेखालच्या काठावर मूठ ठेवायची आणि नजर बरोबर मुठीवरून पलीकडे जाते ना, ते बघून घ्यायची. तेवढं झालं की विमान सुरू.

पण मला उचलून चालताना ती अंग चोरायची. तिच्याबरोबर शिकणारा धामणगावचा अनुप, सहा फुटांचा, रोज विचारायचा, "काय गादी कारखाना, आज रजई नाई आनली?" सगळे हसायचे. तीही हसायची. मग माझ्यावर बसली की तिच्या मांड्या दगडासारख्या ताठ व्हायच्या.

एकटीने विमान न्यायच्या आधीच्या चाचणीत ती दोनदा अडकली. सर म्हणाले, "तिसऱ्यांदा नाही जमलं तर नाव कमी करीन. सगळ्यांनीच पायलट व्हावं असं कुठे लिहिलेलं नाही."

तिसऱ्या चाचणीआधी ती दोन दिवस घरी आली. मी पिशवीत होते. इंदूबाईने मला काढून दाबून पाहिलं. मी बसकी झाले होते. लेक झोपली असताना भरदुपारी तिने माझे टाके उसवले, रुई पिंजून आणली, मूठभर नवीन घातली आणि मला पुन्हा शिवलं. मी दोन बोटं उंच झाले. लेकीला मुद्दाम सांगितलं नाही. बसल्यावर तिला आपोआप बरं वाटावं, एवढंच तिच्या मनात होतं.

चाचणीच्या दिवशी प्रियदर्शनी बसली आणि जरा थबकली. तिने मूठ काठावर ठेवली. तेवढ्यात बाहेरून अनुपचा आवाज आला, "गादी टोचून राहिली का मॅडम?" शेजारच्या सीटवर सर घड्याळ बघत होते. तिने मुठीवरून न बघताच मूठ उचलून घेतली.

मला बोलता आलं असतं तर, मित्रांनो.

उतरताना तिला विमानाचं नाक नेहमीपेक्षा खाली गेलेलं दिसलं. ते खाली नव्हतं, तीच उंच होती. तिने नाक वर ओढलं. वेग एकदम कमी झाला आणि विमान धाडकन आपटून पुन्हा उसळलं. सरांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि टेकवलं. इंजिन बंद केल्यावर ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सामान आवरून घे."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा इंदूबाई दारातच होती. पिशवी घेत तिने आधी मलाच चाचपलं. "बसाले मऊ लागली ना वं? म्या पिंजून आनली. दोन बोटं वर केली तुले."

प्रियदर्शनीने माझ्यावर हात दाबला. तिला सगळं कळलं. मूठ आपणच उचलली होती, हेही तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "तुले कोनं सांगतलं होतं? तूच पाडलं मले. माह्यासाठी आता काही करत जाऊ नको. काहीच."

इंदूबाई "बरं" म्हणाली आणि तिने ते पाळलं. डबा भरून दिला नाही, बॅग आवरून दिली नाही. वर्षभराने प्रियदर्शनीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत जागा मिळाली. जाताना तिने विकतची फोमची गादी नेली. तिथे तिने एकटीने विमान उडवलं, त्या दिवशी तिने फोन देवमनना केला. ते आनंदाने जोरजोरात बोलत होते. खोलीत मशीन चालू होतं. फोनवरून आईची चौकशी झाली नाही आणि मशीनही थांबलं नाही.

मी आता त्या मशीनपुढच्या स्टुलावर असते. वरून विमान गेलं की गल्लीतली पोरं बाहेर पळतात. इंदूबाई सुईकडे बघते.

मित्रांनो, एक विनंती करते. ज्या वस्तूच्या आधाराने कुणी उंच बसलेलं असतं, त्या माणसाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका, मायेनेसुद्धा नाही. आणि कुणी मायेने हात लावलाच, तर तोंड उघडण्याआधी एकदा त्या हाताकडे बघा. त्या संध्याकाळी इंदूबाईच्या नखांत अजून रुई होती.