आपोआप लागणारं कुलूप

रविवारच्या जेवणाची ताटं उचलून झाली आणि कार्ल टाँक्स गाडी घेऊन दाराशी आला. क्लिफ हिपकिसने पडदा सारून आधी गाडीची चाकं पाहिली, मग पोराकडे नजर टाकली. पोरापेक्षा चाकं बरी होती.

"आला गं तुझा नवरदेव," तो आत वळून ओरडला. "गाडी धुऊनबिऊन आणलीय. जुनी गाडी धुतलेली दिसली की समजावं, लपवण्यासारखं काहीतरी आहे."

"गप रे डॅड," स्वयंपाकघरातून लिनेट म्हणाली. "त्याच्यासमोर नको सुरू होऊस."

टिप्टन या आमच्या इंग्लंडातल्या गावात क्लिफला ओळखत नाही असा माणूस नव्हता. गाड्यांमध्ये रेडिओ आणि चोरघंटा बसवण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. त्या काळी आमच्याकडे गाडी चोरणं हा पोरासोरांचा खेळ झाला होता. संध्याकाळी दारात लावलेली गाडी सकाळी कालव्यात नाक खुपसून पडलेली असायची. विमावाले त्यामुळे पिसाळले होते. फोनवर पहिला प्रश्न हाच: गाडीत इमोबिलायझर आहे का, आणि आहे तर मान्यतेचा आहे का? म्हणजे चोराने तारा जोडल्या तरी इंजिन हूं की चूं करणार नाही असं यंत्र, आणि तेही विमावाल्यांनी पसंत केलेलं. जुनी गाडी घ्यायची झाली की लोक क्लिफला बरोबर न्यायचे. तो डॅशबोर्डखाली डोकं घालायचा आणि बाहेर काढून जे बोलेल ते ब्रह्मवाक्य.

बोलायचाही कसा! एका विधवा बाईने नवऱ्याची गाडी विकायला काढली होती. "आमच्या ह्यांनी चांगलं मान्यतेचं यंत्र बसवून घेतलं होतं हो," ती अभिमानाने सांगत होती. क्लिफने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या ह्यांनी नुसता लाल दिवा बसवलाय. यंत्राचे पैसे कुठं उधळले ते आता त्यांनाच जाऊन विचारा." ती बाई फाटकाला धरून रडली. क्लिफने हा किस्सा क्लबात वर्षभर चवीने सांगितला आणि दर वेळी लोक हसले. हसणाऱ्यांचंही काय सांगावं!

पण एका बाबतीत याची बोलती बंद होती. ईस्टरनंतर लिनेट कार्लशी लग्न करून इन्व्हरनेसला जाणार होती. स्कॉटलंडचं पार वरचं टोक. बायको मोरीन गेल्यापासून या घरात दोनच माणसं होती, बाप आणि लेक. लेक गेली की उरणार हा, टीव्ही आणि एक किटली. ‘जाऊ नकोस’ म्हणायची सोय नव्हती. लिनेट त्याच्याच वळणाची. नको म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशीच बॅग भरून निघाली असती. म्हणून तो तोंड शिवून बसला होता आणि मनात एकच घोकत होता, ही जाता कामा नये.

आणि आता कार्लनेच आपल्या हाताने कोलीत आणून दिलं.

"मिस्टर हिपकिस, एक काम होतं तुमच्याकडे," तो उंबऱ्यातच म्हणाला. हातात डुकराच्या तळलेल्या कातडीचं पाकीट होतं, क्लिफच्या आवडीचं. येताना आठवणीने आणायचा. त्याचा बाप तो पाळण्यात असतानाच पळाला होता, त्यामुळे कुणी वडीलधारं रागावलं तरी त्याला बरंच वाटायचं. "तिकडच्या नोकरीची अट आहे, स्वतःची गाडी पाहिजे आणि तिचा पूर्ण विमा पाहिजे. डोंगरातल्या दुकानांचे फ्रिज दुरुस्त करत फिरायचं ना. विमावालीने विचारलं, इमोबिलायझर मान्यतेचा आहे का. मी म्हटलं, आहे. विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं. पण कागद त्याच्याकडून हरवलाय. तेव्हापासून झोप नाही हो मला. मी खोटं तर बोललो नाही ना?"

"एवढंच ना? बघतो की," क्लिफ म्हणाला. "घरचाच माणूस तू. चावी दे आणि आत जा. लिनेटला ताटं पुसायला मदत कर, पुढं जन्मभर तेच करायचंय."

कार्ल मनापासून हसला. सासरा थट्टा करतोय म्हणजे आपण पसंत आहोत, असं त्याला वाटलं.

क्लिफ गाडीत बसला. चावीच्या जुडग्यात एक काळा बिल्ला होता. तो डॅशबोर्डवरच्या खाचेला न टेकवता त्याने चावी फिरवली. इंजिन मुकं. बिल्ला टेकवून फिरवली, गाडी गुरगुरली. मग बंद करून चावी काढली आणि कशालाही हात न लावता तो स्वस्थ बसून राहिला. मिनिटभराने लाल दिवा आपला आपण लुकलुकायला लागला. पुन्हा चावी फिरवली. मुकं. मान्यतेची खरी खूण हीच. चालवणारा विसरभोळा असला तरी कुलूप विसरत नाही. त्याने वाकून तारा पाहिल्या. सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या, कुठली कुठं जाते ते चोराच्या बापाला कळू नये अशा, आणि जोड एकही दिसत नव्हता. स्वतः त्याने बसवलं असतं तरी यापेक्षा चोख बसलं नसतं. यंत्र शंभर नंबरी होतं.

त्याने मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीत कार्ल हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि लिनेट ओठ मिटून हसत होती. क्लिफला एकदम मोठ्याने रडावंसं वाटलं. मग राग आला. राग त्याच्या जास्त सवयीचा होता, म्हणून तो रागावरच थांबला.

"कार्ल!" त्याने हाक मारली. "ये बाबा, तुझ्याच हाताने बघ, म्हणजे उद्या म्हणायला नको की म्हाताऱ्याने सांगितलं."

कार्ल हात पुसत आला. लिनेटही ताट आणि फडकं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"मान्यतेचं यंत्र कसं ओळखायचं ठाऊक आहे? चावी काढली की ते आपोआप लागलं पाहिजे. आपोआप! बस आत. बिल्ला टेकव, कर चालू. हां. आता बंद कर. चावी काढ. बिल्ला इकडे दे माझ्याकडे. आता त्याच्याशिवाय कर चालू. अरे चल लवकर, बघतोस काय माझ्या तोंडाकडे, लग्न काय माझ्याशी करायचंय?"

कार्लने घाईघाईने चावी फिरवली. गाडी बिनबोभाट चालू झाली.

होणारच होती. कुठलंही असं कुलूप लागायला थोडा वेळ घेतंच. भर चौकात इंजिन बंद पडलं तर माणूस तिथंच अडकू नये म्हणून ती सवड ठेवलेली असते. ती सवड क्लिफला माहीत होती, कार्लला नव्हती. ध चा मा करायला निदान कागद तरी लागला होता. इथं तेवढंही लागलं नाही. पोराच्याच हाताने पोराचा गळा केसाने कापला गेला.

"पण दिवा लुकलुकतो की हो," कार्ल पांढराफटक पडून म्हणाला.

"नाताळचं झाडही लुकलुकतं. त्याचा विमा उतरवतात का?"

"मग तुम्ही चांगला बसवून द्या. लागतील ते पैसे देतो."

"देईन की. पण तू आधीच ‘आहे’ म्हणून बसलायस, त्याचं काय?" क्लिफने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं ऐकशील तर गप्प बस. कोण बघायला येतंय? आता उद्या गाडी चोरीला गेली, त्यांनी खोदून काढलं, तर मात्र फसवणूक धरतील. विम्यात लिनेटचंही नाव घातलंयस ना? मग तिच्याही दारात पोलीस. पण ते पुढचं पुढं. तू गप्प बस."

आपण गप्प बस म्हटलं की हा गप्प बसू शकणार नाही, हे क्लिफ पुरतं ओळखून होता. प्रामाणिक माणसाला फसवणं फार सोपं. त्याला फक्त दार दाखवायचं, आत तो स्वतःच चालत जातो. दारात लिनेट तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती.

सोमवारी सकाळी कार्लने विमा कंपनीला फोन करून आपण होऊन कबुली दिली. ‘चुकून खोटं सांगितलं हो, माफ करा.’ फोनवरची बाई गोड बोलली आणि दोन दिवसांत विमा रद्द झाल्याचं कळवून मोकळी झाली. खरी मेख पुढंच होती, आणि तीही क्लिफला ठाऊक होती. आपल्याकडे दुसरी प्रत्येक कंपनी विचारते, ‘तुमचा विमा पूर्वी कुणी रद्द केलाय का?’ कार्ल प्रत्येकीला ‘हो’ म्हणाला. मग जी ती असा आकडा सांगायची की त्यात अख्खी दुसरी गाडी आली असती. इन्व्हरनेसवाल्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला. गाडी एका दलालाने पडत्या भावात उचलली. ‘इमोबिलायझर मान्यतेचा नाही,’ हेही कार्लनेच त्याला आधी सांगितलं. असल्या माणसाला काय म्हणावं!

गाडी विकली त्या संध्याकाळी कार्ल चालत आला, क्लिफच्या आवडीचं तळलेल्या कातडीचं पाकीट घेऊन. "तुमच्यामुळे निदान खोटेपणातून तरी सुटलो, मिस्टर हिपकिस," तो म्हणाला.

"अरे, माणसाचं नाव मोठं," क्लिफ म्हणाला आणि पाकीट फोडलं.

लिनेटने कार्लला पुढच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. क्लिफने टीव्हीचा आवाज बारीक केला. ‘परत तुझ्या आईकडेच राहायचं तर लग्न कशाला,’ असं लिनेटचं काहीतरी ऐकू आलं. मग कार्लचं रडणं. मोठ्या माणसाचं असं हुंदके देऊन रडणं क्लिफने मोरीनच्या दफनानंतर ऐकलं नव्हतं, आणि तेव्हा रडणारा तो स्वतः होता. त्याने आवाज पुन्हा मोठा केला. कार्ल बाहेर पडताना "येतो, मिस्टर हिपकिस," म्हणायला विसरला नाही.

मग सगळं क्लिफच्या मनासारखं झालं. रविवारचं मांस, रस्सा, समोर लेक. कार्ल खिळे-स्क्रूच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला होता. रस्त्यात दिसला की टोपीला हात लावायचा. क्लिफ घाई असल्यासारखं दाखवून पुढं जायचा. हा किस्सा मात्र त्याने क्लबात कधी सांगितला नाही.

मे महिन्यात एका सकाळी लिनेट जिन्यावरून उतरली तेव्हा तिच्या हातात बॅग होती.

"कुठं निघालीस?"

"जर्सी बेटावर. मार्टिन प्रॉसरबरोबर. आमच्या ऑफिसातला. तिथं बदली झालीय त्याची. टॅक्सी येईल एवढ्यात."

"हा कोण प्रॉसर? कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"वर्ष? म्हणजे कार्ल असताना?"

"कार्ल असताना." ती आरशात बघून टोपी नीट करत होती. "काय सांगणार होते मी त्याला? इतका चांगला माणूस, त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. अख्ख्या टिप्टनने माझ्या तोंडात शेण घातलं असतं. तू सोय केलीस."

"मी काय केलं?"

"डॅड, बारा वर्षांची होते तेव्हापासून डॅशबोर्डखाली तुझा टॉर्च मी धरलाय. चावी काढून लगेच फिरवली तर कुठलीही गाडी चालू होते, हे मला कळत नाही? मी दारात उभी होते. म्हटलं, हा मिनिटभर थांबला तर झाली पंचाईत. पण तू सांगितल्यावर तो कुठला थांबतो!"

"आणि तू गप्प बसलीस?"

"तू बोलत होतास की."

क्लिफ खुर्चीत बसला. "लिनेट, ते मी तुझ्यासाठी केलं गं. मी एकटा पडेन. तुझी आई असती तर..."

"आई असती तर तीही माझ्याबरोबर टॅक्सीत बसली असती," लिनेट म्हणाली. बाहेर हॉर्न वाजला. तिने बापाच्या डोक्यावर ओठ टेकवले, अगदी हलके. "कपाटात वाटाणे आहेत, रात्री भिजत घाल," म्हणाली आणि गेली.

पुढचे दिवस क्लिफने कसे काढले ते त्यालाच माहीत. क्लबात बातमी आधीच पोचली होती. "काय रे क्लिफ, घरातला मालच कुणी उचलून नेला? कुलूप मान्यतेचं नव्हतं वाटतं?" एकजण म्हणाला आणि लोक हसले. हसणारे तेच होते. तो ग्लास अर्धा टाकून घरी आला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

रविवारी दार वाजलं. कार्ल उभा होता, रात्रपाळीचे लाल डोळे, हातात तळलेल्या कातडीचं पाकीट.

"ऐकलं मी," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं एकटे असाल, जेवला असाल की नाही. यावं की नाही कळत नव्हतं." तो पायपुसण्यावर पाय घासत राहिला, आत आला नाही. "मिस्टर हिपकिस, एक विचारू? राग मानू नका. ती माझ्यामुळं गेली का हो? मी त्या गाडीचा घोळ घातला नसता तर राहिली असती ना आपल्यात?"

क्लिफने त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही. पण ते ऐकल्यावर हा पोरगा मागे वळेल आणि पुन्हा या दाराशी येणार नाही, हेही त्याला स्वच्छ दिसलं. आत घरात घड्याळाशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"हो रे पोरा," तो म्हणाला. "तुझ्यामुळंच गेली."

कार्लने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी त्याने बाहीने पुसलं. "माफ करा मला," तो म्हणाला. "मी येत जाऊ का दर रविवारी? तुमचं बघायला?"

"ये," क्लिफ बाजूला सरकून म्हणाला. "येताना मांस तूच आणत जा."