फॉर्मवरचे तीन दिवस

शुभंकरचं बाहेर काहीतरी चालू आहे, याबद्दल माझी जवळजवळ खात्री पटली होती. नवरा दीड महिना हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. विचारलं तर म्हणतो, "रिलीज आहे, उशिरापर्यंत कॉल असतात." आणि त्याच्याच टीममधला तेजस मला हिंजवडीच्या बसमध्ये सांगतो, की रिलीज कधीच पुढे ढकललंय! मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायचाच पगार घेते. घरातली दिसणार नाही का मला?

त्यात आमचा टेस्ट ट्यूब बेबीचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. पहिला फसला. दुसऱ्यांदा सात आठवडे टिकलं आणि गेलं. पोटात इंजेक्शनं मी टोचून घेतली, आणि वर्ध्याहून सासूबाईंचा फोन यायचा, "आमच्या शुभंकरचे रिपोर्ट तर चांगलेच आहेत बाई." म्हणजे दोष कोणाचा, ते समजून घ्या! मला सदतिसावं लागलं होतं. आता पुन्हा फसलं असतं तर मूल हा विषयच संपला होता.

म्हणून कर्वेनगरच्या डॉक्टर मॅडमनी या वेळी शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी करायला लावली. रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता.

"संख्या उत्तम, हालचाल उत्तम," मॅडम म्हणाल्या. "पण शंभरातल्या अडतीस शुक्राणूंचा आतला डीएनए तुटलेला आहे. गर्भ तयार होतो पण तग धरत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं. दात्याचे शुक्राणू घ्यायचे का, याचा विचार करून ठेवा."

शुभंकर मान खाली घालून बसला. खरं सांगते, मला त्याची कीव आली. तेवढ्यात मॅडमनी त्याने भरलेला फॉर्म उलटला.

"सॅम्पलच्या आधी शेवटचा संबंध तीन दिवसांपूर्वी, असं लिहिलंय तुम्ही. बरोबर?"

"हो. तीन दिवस."

तीन दिवस? मेला दीड महिना माझ्याजवळ फिरकला नव्हता! माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

"मॅडम, याला विचारा," मी ओरडलेच, "तीन दिवसांपूर्वी कोण होती ती! कारण मी नव्हते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भांडणं घरी करायची असतात. पण उत्तर मलाही हवंय. बोला."

"कोणीच नव्हती," तो पुटपुटला. कान लालबुंद झाले होते. "फॉर्मवर दोन-तीन दिवस असावेत असं छापलं होतं, म्हणून तीन लिहिलं. खरे एकेचाळीस. आईने अनुष्ठान सांगितलं होतं. कडक ब्रह्मचर्य. साठवलं की सत्त्व वाढतं म्हणाली. आणि बायकोला सांगितलं तर फळ मिळत नाही."

"अहो, ते काय लोणचं आहे का, मुरत ठेवायला?" मॅडम म्हणाल्या. "फार दिवस साठले तर शुक्राणू खराब होतात, डीएनए तुटायला लागतो. दोन-तीन दिवस आम्ही हौस म्हणून छापत नाही." त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला. "हा आकडा धरायचा नाही. दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा सॅम्पल द्या. सुधारेलच अशी हमी देत नाही. पण तोवर दात्याचा विषय बंद."

देवा रे! म्हणजे बाई नव्हतीच. हसावं की रडावं तेच कळेना. मी चक्क त्याचा हात धरला. आणि मग एकदम डोक्यात आलं.

"शुभंकर, मागच्या वेळी तुझी पाठ दुखत होती. महिनाभर खाली जमिनीवर झोपायचास."

तो टेबलावरचा रिपोर्ट पुन्हा वाचायला लागला.

"मी विचारतेय. ते सात आठवड्यांचं गेलं, तेव्हा?"

"तेव्हाही एकेचाळीसच," तो म्हणाला.

मी हात काढून घेतला. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. आता कोणाला धरू? त्याने तर सगळं आमच्या बाळासाठीच केलं होतं.