कुंभारपुऱ्याचं पाणी

चिंचपेठेत नळाला पाणी येण्याआधी पत्रूच्या सायकलचा आवाज यायचा. सायकलच्या दांडीला कमरेएवढी लोखंडी चावी बांधलेली असायची. खड्ड्यात ती खणखणली की बायका पाण्याचे गुंड-कळश्या उचलून नळाकडे निघायच्या. एकतीस वर्षं पत्रू नगरपरिषदेचा व्हॉल्व्हमन होता. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुंभारपुऱ्याच्या चढावरल्या शेवटच्या नळाला धार लागते, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं.

मग गाव स्मार्ट करायचं ठरलं. पाइपांना मीटर लागले, व्हॉल्व्हना मोटारी बसल्या. कुंभारपुऱ्यातली विहीर बुजवून तिच्यावरून सिमेंटचा रस्ता गेला. नगरपरिषदेच्या माडीवर भिंतभर पडदा आला आणि पडद्यापाशी बसायला ब्रह्मपुरीची नवी इंजिनिअर आली, दिव्यानी. उद्घाटनाच्या दिवशी तिनं पत्रूला शेजारी बसवून घेतलं आणि एकेका गल्लीची पाण्याची पाळी उतरवून घेतली.

"आणखी काही राह्यलं काय, पत्रूभाऊ?"

राहिलं होतं. ज्या घरी मयत होईल त्या गल्लीला, पाळी असो नसो, पाणी आधी सोडायचं, ही गावची जुनी रीत. तिरडी उठली की बायकांना घर धुवायचं असतं, डोक्यावरून न्हायचं असतं, आणि घाटावरचे लोक परत यायच्या आत दिवा लावायचा असतो. पत्रूनं हे पाणी कधी चुकवलं नव्हतं. पण समोर नुकताच नारळ फुटलेला, पडद्याला हळदीकुंकू लागलेलं. अशा वेळी मयताचं नाव कोण काढतो?

"नाई बाई, झालं सारं," तो म्हणाला, आणि चावी भिंतीवरच्या खिळ्याला टांगून घरी गेला.

उद्घाटनानंतर बाराव्या दिवशी सकाळी गुणवंतराव कुंभार वारले. पत्रूचे लहानपणापासूनचे सोबती. पत्रूची सायकल दिसली की हातातला माठ बाजूला ठेवून चिडवायला उठायचे. "पत्र्या, साऱ्या गावाले पाणी पाजतं तू. माह्या दिवशी धार बारीक नको सोडजो, नाईतर भूत होऊन तुही सायकल पंचर करीन!"

पत्रू खांदा द्यायला गेला. तिरडी गल्लीच्या तोंडाशी पोचली, तोच मागून गुणवंतरावांची सून करिष्मा धावत आली.

"काकाजी, आज पाळी होती म्हणून नळ आले. घरोघरच्या बायकांनी आमच्यासाठी ड्रम लावले, अन् एकाएकी साऱ्या गल्लीचं पाणी गेलं. आता एक थेंब नाई!"

मित्राला अर्ध्या वाटेत सोडणं पत्रूच्या जिवावर आलं. पण त्यानं खांदा दुसऱ्याला दिला आणि तडक नगरपरिषदेची माडी चढला.

पडद्यावर कुंभारपुऱ्याची रेघ लालभडक झाली होती.

"बरं झालं आले, पत्रूभाऊ," दिव्यानी म्हणाली. "तिथी पाइप फुटला वाटते. एकदम इतकं पाणी ओढल्या गेलं, सिस्टिमनं आपोआप बंद केलं. खोदायले माणसं पाठवून राह्यली मी."

"पाइप नाई फुटला. माणूस गेला." पत्रूनं तिला रीत सांगितली.

"मग त्या दिवशी काऊन नाई सांगितलं? मी विचारलं होतं नं!"

"नारळ फोडल्या जागी मयताचं नाव घेऊ? तुह्या घरी घेतात काय?"

दिव्यानीनं पडद्याकडे मान वळवली. तिच्याही घरी घेत नसत.

"पण जाग्यावरचा फोटो टाकल्याबिगर हे उघडत नाई," ती म्हणाली.

"मग चाल. ते लोक घाटावरून याच्या आत झालं पाह्यजे."

पत्रूनं खिळ्यावरची चावी काढली आणि उभी धरून तिच्या स्कूटीवर मागे बसला. कुंभारपुऱ्यात दिव्यानीनं कोरड्या रस्त्याचे फोटो टाकले, मोबाइलवर बोटं फिरवली. मोटार घरघरली. खालच्या घरांचे ड्रम भरायला लागले, पण चढावरचा गुणवंतरावांचा नळ नुसता फुसफुसला.

"दाब नाई पोचून राह्यला," दिव्यानी कपाळाला हात लावून म्हणाली. "आता?"

"आता सरक जराशी." पत्रूनं खालच्या पुऱ्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उघडलं, मोटारीखालच्या दांड्यावर चावी बसवली आणि खालचं पाणी कमी करायला अडीच आटे आवळली. मग कान देऊन उभा राहिला. वरून करिष्माची हाक आली, "आलं हो, काकाजी! आलं!"

घाटावरचे लोक परतले तेव्हा अंगण धुतलेलं होतं, बायका न्हालेल्या होत्या, आणि उंबऱ्याच्या आत दिवा जळत होता. पत्रूनं दारातल्या बादलीतले दोन तांबे डोक्यावर ओतून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन माडीवर गेला. "आता लिव. पयले सांगायले लाजलो, ते सारं लिव." गल्लीत बाळंतीण असली तर काय, लग्नाचा मांडव असला तर काय, मार्कंड्याच्या जत्रेला बैलगाड्या मुक्कामाला थांबल्या तर काय. दिव्यानी लिहीत गेली. दोनदा चहा आला. शेवटी तिनं पडद्यावर एक नवं बटण बसवलं.

"याच्यावर काय लिहू, मयत?"

"हट! 'आधी' लिव. ज्याले समजाचं त्याले समजते. पण दाबन कोण? तुह्या मशीनले रडणं आयकू येते काय?"

"नाई येत. म्हणून तर बटण तुमच्या मोबाइलवरबी देऊन राह्यली. अन् चावी घरी न्या. इथी टांगून काय कामाची?"

गुणवंतरावांच्या तेरवीला पत्रू जेवायला गेला. सायकल अंगणातल्या माठांना टेकवून ठेवली. आशाबाई, गुणवंतरावांची बायको, दाराशी बसल्या होत्या. त्यांनी आधी सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहिलं, मग पत्रूकडे.

"हवा आहे नं, भाऊ?"

"आहे, बाई. टाइट आहे."

तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं. "मग बसा," त्या म्हणाल्या, "अन् पोटभर जेवा."