उकिडवं माप

जीवरामकडे पँट शिवायला गेलेल्या माणसाला आधी खाली बसावं लागे. खुर्चीवर नाही, बाकावर नाही, जमिनीवर, उकिडवं. मग जीवराम त्याच्या पाठीमागे गुडघे टेकायचा, कमरेपासून खाली टेप सोडायचा, मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पोटरीवर न्यायचा आणि म्हणायचा, "हां. आता समजलं."

अमळनेरच्या बसस्टँडमागच्या बोळात त्याचं दुकान. दोन मशीन आणि एक फळी. पाटी कधी लावलीच नाही. त्या फळीपुढे शाळेचे गुरुजी उकिडवे बसले, बँकेतला कारकून बसला, एकदा निवडणुकीच्या आधी नगरपालिकेचा मेंबरसुद्धा बसला. ज्याला लाज वाटली त्याला जीवरामने सरळ दुसरा शिंपी दाखवला.

त्याचं म्हणणं साधं होतं. आपला माणूस उभा असतो किती वेळ? शेतात निंदायला बसतो, ओट्यावर बसतो, एस.टी.ची वाट बघत बसतो, जेवायला बसतो. आणि पँट शिवतात उभ्या माणसाची! मग वाकलं की मागे उसवते. जीवरामची उसवत नसे. सुरतेत दोन वर्षं मशीन मारून शहात्तर साली तो परत आला, तेव्हा निळ्या जाड कापडाचा एक तागा घेऊन आला होता. अमळनेरात जीनची पँट पहिल्यांदा त्यानेच शिवली. मागे भरपूर कापड, मांडीला मोकळी आणि खालची मोरी, म्हणजे पायाचा घेर, अठरा इंच. तेव्हापासून तोच एक कट.

पोरं चोवीसची मोरी मागायला आली. हाकलली. पाच-सात वर्षांनी तीच पोरं चौदाची मागायला आली. तीही हाकलली. "तुम्ही येडे का मी येडा?" तो म्हणायचा. "फॅशन तुम्हाला गोफणीसारखी गरगर फिरवते. माझी जीन फॅशनच्या बाहेरची आहे. मी मेलो तरी जुनी होणार नाही."

बसण्याबद्दल तो खरं बोलत होता. पण एकदा खरं बोलल्याचा मान मिळाला की माणूस ऐकायचं बंद करतो. जीवरामचं तेच झालं होतं, फक्त ते त्याला तोंडावर सांगणारं कोणी नव्हतं.

त्र्याण्णव साली त्याच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं. सुनंदा दहा वर्षांची असल्यापासून दुकानातली काज-बटनं करत आली होती. मुलगा अभिमन, नरडाण्याला एका वर्कशॉपात फिटर. बाप मागेच वारला होता, म्हणून मध्यस्थी मामा नथ्थूभाऊची. एक दिवस नथ्थूभाऊ दुकानात येऊन बसला, चहा प्याला, दुसऱ्यांदा चहा प्याला, तेव्हा जीवरामने ओळखलं की काहीतरी अडलंय.

"बोला ना, नथ्थूभाऊ."

"काही नही हो. पोरगा म्हणस, सफारी नको. जीन पाहिजे."

"वा! मग मी बसलोय कशाला इथे?"

नथ्थूभाऊने बशी खाली ठेवली. "रेडीमेड पाहिजे म्हणस. धुळानी."

सुनंदा मान खाली घालून काज करत राहिली.

"शिंप्याचा जावई," जीवराम म्हणाला, "बोहल्यावर दुकानाची पँट घालून उभा राहील? त्यापेक्षा मी मशीन उकिरड्यावर टाकतो. जावई माझ्याच हातची घालेल. सांगा त्याला." हे तो नुसतं नथ्थूभाऊशी बोलला नाही, बोळातल्या पानवाल्याला ऐकू जाईल असं बोलला. संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या बाजाराला माहीत झालं. आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी धरून तो नरडाण्याला गेला. वर्कशॉपच्या अंगणात अभिमन ग्रीसच्या हातांनी बाहेर आला, मनगटानेच नमस्कार केला. मागून त्याचे चार-पाच सोबती डोकावले.

"बस," जीवराम टेप काढत म्हणाला.

"खुर्ची आणू का, मामा?" होणाऱ्या सासऱ्याला तिकडे मामाच म्हणतात.

"खाली बस. उकिडवा."

अभिमनने सोबत्यांकडे पाहिलं. मग जीवरामकडे. पोरगा उद्धट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो हळू आवाजातच बोलला. "मामा, माप घ्यानं व्हई तर उभ्याउभ्या घ्या. मी बसणार नही."

"का? कमरेला काही झालंय?"

"मना बाप शिंपी व्हता, पण मशीन नव्हतं. सालदारकी करी. पाटीलना वट्टाखाले जनमभर उकिडवा बठना. वर बठ असं कोणी म्हणे नही." त्याने हात फडक्याला पुसले. "माले उभं राहानं शे, मामा. म्हणून तर जीन."

जीवरामला यावर बोलता आलं असतं. निदान गप्प तरी राहता आलं असतं. त्याने टेप गुंडाळली आणि म्हणाला, "राहू दे. मला नजरेनेही समजतं." सोबती हसले. कशाला हसले कोणास ठाऊक, पण परतीच्या गाडीत ते हसू त्याच्याबरोबर अमळनेरपर्यंत आलं.

त्याने चांगल्यातलं चांगलं कापड काढलं. फळीवर अंथरलं, खडू मारला. सुनंदा बघत होती.

"आबा, ते बसले होते का मापाला?"

"नाही."

"मग बसलेल्याची का आखता?"

"माणूस केव्हा ना केव्हा बसतोच."

"त्यांना नसंल बसायचं."

"तू काज कर."

तिने काज केलं. पण ती त्याचीच लेक होती. गप्प बसणं तिला फारसं जमत नसे. "आबा, तुम्ही स्वतः कधी जीन घातली?"

जीवरामने आपल्या पायजम्याकडे पाहिलं. आयुष्यभर पायजमाच. "मला काय करायची?"

"मग ती मागून कशी दिसते, ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सुनंदे, गप बस!" असं म्हणून त्याने कातर चालवली. रागात चालवलेली कातर सरळच जाते, पण कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच कापड मागच्या बाजूला राहिलं.

बस्ता धुळ्याला ठरला होता. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून घ्यायचे, मुलीकडच्यांनी नवरदेवाचे आणि मुलाकडच्यांनी नवरीचे. रतिलालशेठचं दुकान जुनं. पांढऱ्या गादीवर बायांनी शालूंचा ढीग पाडला होता. जीवरामची बायको कमलबाई एकेक पदर उजेडाला धरत होती. जीवरामने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जीन काढून गादीवर ठेवली आणि घडी उलगडली. शिलाई दोरीसारखी सरळ होती. कोणी काही बोलण्याआधी म्हातारे रतिलालशेठ पुढे सरकले, अंगठ्याने कापड चोळलं, मोरी पसरून पाहिली.

"मास्तर, तुम्ही सुरतला होता?"

"दोन वर्षं."

"पंचाहत्तरला?"

"हो. कसं ओळखलं?"

शेठचा चेहरा खुलला. जुना सोबती भेटल्यासारखा. "अरे, हा तर पंचाहत्तरच्या दिवाळीचा कट! अठराची मोरी, आडवा खिसा. आम्ही गठ्ठ्यांनी आणला, गठ्ठ्यांनी विकला. पुढच्या दिवाळीला कोणी हात लावला नाही, सगळा पडून राहिला. किती वर्षांनी पाहिला!"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. टोमण्याला जीवरामने दोन दिले असते. एका दिवाळीला सुरतेच्या बाजारात जे चाललं ते डोक्यात भरून हा माणूस गावी आला होता आणि सतरा वर्षं तेच कापत बसला होता. वर पोरांना हाकलत होता. फॅशनच्या बाहेर! एका फॅशनच्या आत जाऊन त्याने आतून कडी लावली होती, एवढंच. बसवून माप घेणं, तेवढं मात्र त्याचं स्वतःचं होतं. त्याने मनात तेवढंच धरून ठेवलं.

"घालून तर पाहू दे," अभिमन म्हणाला आणि पडद्याआड गेला. सासऱ्याचा मान राखायला गेला, हे सगळ्यांना कळत होतं.

बाहेर आला, आरशासमोर उभा राहिला. समोरून बरी दिसत होती. मग तो वळला. मागे कापडाची मोठी झोळी लोंबत होती. बायांनी घाईने शालूंकडे तोंडं फिरवली.

"भाचा," नथ्थूभाऊला राहवलं नाही, "मांगे मनभर शेंगा ठेवाले जागा शे!"

अभिमन हसला नाही. "कापड चांगलं शे, मामा," तो जीवरामला म्हणाला.

जीवराम त्या झोळीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे एकामागोमाग माणसं पाठमोरी उभी राहिली: गुरुजी, कारकून, मेंबर, बाजाराच्या दिवशी उतारूंच्या रांगेतले शेतकरी. सगळ्यांच्या मागे ही झोळी. सतरा वर्षं ते असेच चालत गेले होते. त्याने त्यांना बसलेलं तेवढं पाहिलं होतं. कोणी उठून दुकानाबाहेर पडलं की तो पुढच्याला म्हणायचा, बस.

"उतरव," तो म्हणाला.

"मामा, राग उना का?"

"नाही रे. उतरव. शेठ, ह्याला पाहिजे ती काढा."

कमलबाईने मान वर केली. बाजारात आपला नवरा काय बोलून बसलाय ते तिला माहीत होतं. तिने हातातला शालू घडी करून ठेवला.

शेठच्या माणसाने ढगळ, विटक्या रंगाची, मागे चामड्याची पट्टी लावलेली जीन काढली. "सध्या हीच चालू आहे." अभिमनने ती घातली, आरशात पाहिलं, आणि त्याचे खांदे आपोआप मागे गेले. जीवरामने ते नीट पाहिलं.

"तुला आवडली म्हणून घेतोस, का चालू आहे म्हणून?" त्याने विचारलं. ह्या वेळी खरंच विचारलं.

पोराने बराच विचार केला. "मामा, त्या दोन गोष्टी येगळ्या कश्या करतस?"

परतीच्या एस.टी.त आपली जीन मांडीवर घेऊन जीवराम अमळनेरपर्यंत बसून आला. पानवाल्याने विचारलं, "काय मास्तर, जावयाला बसली का?" जीवराम म्हणाला, "नाही बसली. दुकानातली घेतली." आणि कुलूप काढलं.

सोमवारी बाजाराला वना आला. खेड्यातला शेतकरी, अकरा वर्षं जुनं गिऱ्हाईक. पिशवी ठेवली आणि सवयीने फळीपुढे उकिडवा बसला.

"वना, उठ."

"का हो मास्तर? काही चुकलं?"

"तुझं नाही. उभा राहा." जीवराम त्याच्या मागे गेला. दोनदा ठिगळ लावलेली झोळी लोंबत होती. त्याच्याच हातची. त्याने टेप लावली, मग थांबला. "कशी पाहिजे?"

वना गोंधळला. अकरा वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. "म्हणजे? पँट पाहिजे."

"पँटच रे. पण कशी? तुला कशी आवडते?"

वनाने डोकं खाजवलं. सुनंदाकडे पाहिलं, ती मशीनवर थांबली होती. फळीकडे पाहिलं. मग बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे नवं रेडीमेडचं दुकान लागलं होतं आणि दारात डोकं नसलेला एक पुतळा ढगळ, विटकी जीन घालून उभा होता. वनाचा चेहरा उजळला.

"तशी," तो बोट दाखवून म्हणाला.

जीवराम टेप गळ्यात टाकून पायरी उतरला. भर बाजारात, पानवाल्याच्या डोळ्यांदेखत, बोळाच्या तोंडाशी त्या पुतळ्यामागे गेला आणि गुडघे टेकून खाली बसला. त्याने पुतळ्याची मोरी हातात धरली, मापली, पुन्हा एकदा मापली.

"वीस!" तो तिथूनच ओरडला.

सुनंदाने खडूने फळीवर लिहून घेतलं.