सीत्सेची पेटी

टेबलावर सोळा वस्तू होत्या: एक लाकडी पेटी, तिचं झाकण, चार स्क्रू, एक बोर्ड, एक वायूचा सेन्सर, एक बझर, एक छोटा पडदा, पाच तारा आणि एक चार्जर. पोलिसांनी पिशवीत घालून परत केलेलं हे सगळं ओआने पांढऱ्या कापडावर मांडत होता. तारा बोर्डाला जोडलेल्याच होत्या. त्यांना मी हात लावू दिला नाही.

नेदरलँड्समधल्या लेवार्डनमध्ये दर शनिवारी सोल्डरिंग करायला जमणारा आमचा छोटा क्लब आहे. ओआने, मी आणि सीत्से त्यातलेच. सीत्से कालव्यातल्या बोटीवर राहायचा, कोळशाच्या शेगडीवर बोट गरम ठेवायचा, आणि विषारी वायू साठलाच तर ओरडेल अशी ही पेटी त्याने स्वतः बनवली होती. जानेवारीत तो बोटीवर मेलेला सापडला. कार्बन मोनॉक्साइड. खिडकीच्या झरोक्यात लोकरी मफलर कोंबलेला होता.

त्याची बहीण फ्राउक्ये कोट न काढताच बसली.

"कॉफी घे," ओआने म्हणाला. "बिस्कीट मात्र एकच. क्लबचा नियम आहे."

"सीत्से दोन घ्यायचा."

"म्हणून तर नियम केला."

ती जराशी हसली. मग माझ्याकडे वळली. "यिल्डाऊ, तू फिजिक्स शिकलीस ना? पोलीस म्हणतात, पेटी चालू केली तर चालते, आकडे दाखवते. मग त्या दिवशी ती ओरडली का नाही? शेजारच्या बोटीवर कुणालाच काही ऐकू आलं नाही. म्हणजे त्यानेच ती आधी बंद केली असणार, असं त्यांना वाटतंय. आईलाही तेच वाटायला लागलंय. ती जेवत नाही." तिने कप खाली ठेवला. "मला एवढंच सांगा. तो गेला, की त्याने जायचं ठरवलं?"

अग्निशामकांनी आत शिरताच बोटीची वीज तोडली होती. पेटी आधीच बंद होती की तेव्हा बंद झाली, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मफलराचं काय?" तिने विचारलं.

"वारा ईशान्येचा, गोठवणारा होता गं," ओआने म्हणाला. "बोटीवर सगळेच कोंबतात. पेटी आहे, ती ओरडेल, या भरवशावर कोंबतात."

मी भिंगाखाली सेन्सरची तांबडी तार शेवटपर्यंत पाहिली. मग ओआनेला बोलावलं.

"तीन पॉइंट तीन व्होल्टवर आहे," मी म्हणाले.

ओआने वाकून बराच वेळ बघत राहिला. "गाढवा," तो हळूच म्हणाला. मला नव्हे.

नोव्हेंबरात आम्ही सगळ्यांनी मिळून यंत्र चालवणारे नवे बोर्ड मागवले होते. बोटाएवढे, जुन्याच्या कितीतरी पट वेगवान आणि कॉफीच्या किमतीचे. एका शनिवारी ज्याने त्याने आपापल्या जुन्या यंत्रात ते बसवले. त्या दिवसाला आम्ही थट्टेने 'काळीजबदल' म्हणायचो.

"मला कळेल असं सांग," फ्राउक्ये म्हणाली.

"जुना बोर्ड पाच व्होल्टचा होता. सेन्सरही पाचचाच. आत एक बारीक तार तापते, तेव्हाच त्याला वायू कळतो. पाचवर चालणारा सेन्सर बोर्डाच्या पायाला, म्हणजे तार जोडतात त्या पिनेला, पाचपर्यंत पाठवतो; नव्या बोर्डाच्या पायाला मात्र तीन पॉइंट तीनच्या वर काही लागलं की तो जळतो. हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने सेन्सरलाच कमी वीज दिली. तेवढ्या विजेवर ती तार निम्मीसुद्धा तापत नाही."

"बोर्ड जळू नये म्हणून?"

"हो."

"आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही?"

"आकडे येत होते. स्वच्छ हवेत नीट चालणारी पेटी लहान आकडा दाखवते, आणि बिघडलेलीही लहानच दाखवते."

"थांब," ओआने म्हणाला. "हा नुसता अंदाज झाला. सेन्सर आधीच मेलेला असेल तर? किंवा एवढ्या विजेवरही तो पुरेसा तापत असेल तर? मग पोलिसांचं म्हणणं उरतंच. हिच्या आईला अंदाज सांगायचा नाही."

त्याचं बरोबर होतं. आम्ही मागच्या अंगणात माशांची रिकामी काचेची टाकी उपडी ठेवली. तिच्यात सीत्सेची पेटी आणि धुराडी तपासणाऱ्याकडून उसना आणलेला वायूचा खात्रीचा मीटर ठेवला. वारा येत होता त्या बाजूला फ्राउक्ये उभी राहिली. वायूचा आकडा पन्नासावर गेला की गजर वाजेल, असं सीत्सेने लावलेलं होतं.

सेन्सर जिवंत आहे का, हे आधी पाहायचं होतं. बोर्ड जळू नये म्हणून त्याच्या पायाला जाणारी तार मी दोन रेझिस्टरमधून नेली, तांबडी तार पाच व्होल्टवर लावली, सेन्सर तापू दिला आणि चाचणीच्या डब्यातला वायू नळीने आत सोडला. मीटरवर ३०१. पडद्यावर २८८. बझर इतका कर्कश वाजला, की फ्राउक्येने कान झाकले आणि तशीच उभी राहिली.

मग काच उचलून हवा जाऊ दिली. सगळ्या तारा पोलिसांकडून आल्या तशाच पुन्हा जोडल्या. ओआनेने प्रत्येक तार आधीच काढून ठेवलेल्या फोटोशी ताडून पाहिली. सेन्सरला पुन्हा तेवढाच वेळ दिला, तेवढाच वायू सोडला.

"सांग," फ्राउक्ये म्हणाली.

मीटरवर ३०४. पडद्यावर १९. बझर वाजला नाही.