आठ दिवसांनी येणारी नदी

धारवाडात नदी नाही. हुबळीतही नाही. आम्ही पितो ते मलप्रभेचं पाणी, आणि ते लांबून पाइपातून येतं, आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांतून एकदा, त्याच्या मर्जीनं. धारवाडच्या मळमड्डीत चाळीस वर्षं काढल्यावर कुणी माझा धर्म विचारला तर खरं म्हणजे मी 'पाणी भरणे' असंच सांगायला हवं. सणवार, उपासतापास हल्ली मी उरकते. पाणी मात्र मन लावून भरते.

मी शकुंतला, निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट. यजमान मुकुंदराव चार वर्षांपूर्वी गेले, मुलगी स्मृती पुण्याला असते. मागची खोली रिकामी होती म्हणून दोन वर्षांपूर्वी भाड्यानं दिली. भाडेकरू सिनान, इराकचा, इथं औषधशास्त्रात पीएच.डी. करायला आलेला. सोबत त्याची आई, सबीहाबाई. तिला मागं ठेवावं तर तिकडं जवळचं कुणी उरलं नव्हतं.

खोली देताना मी विचारलं, "मुसलमान?" तो म्हणाला, "नाही." "ख्रिश्चन?" "नाही." मग तिकडं तिसरं काय असतं ते मला माहीत नव्हतं. तीस वर्षं पोरांना इतिहास-भूगोल शिकवला, पण मंदाई हा शब्द त्याच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. सगळ्या जगात मिळून लाखभरसुद्धा नाहीत ही माणसं. याह्या नावाच्या संताला मानतात, जो लोकांना नदीत उभं करून न्हाऊ घालायचा. त्यांचं बारसं नदीत, लग्न नदीत, रविवारची पूजा नदीत. वाहत्या पाण्याला ते यार्दना म्हणतात. वाहतं पाणी जिवंत, साठवलेलं मेलेलं, एवढा त्यांचा धर्म माझ्या डोक्यात शिरला. आणि अशी माणसं आली कुठं, तर धारवाडात. देवाला थट्टा सुचते ती अशी.

सबीहाबाई माझ्याच वयाची. तिचं माझं पहिल्याच आठवड्यात बिनसलं. पाणी आलं की ती अंगणातल्या नळाखाली हात धरून उभी राहायची, ओठांतल्या ओठांत काही म्हणायची, आणि इकडं पाणी सरळ गटारात जायचं. मी ओरडायचे, "नळ बंद! नळ बंद करा, पाणी वाया जातंय!" ती हसायची आणि आणखी मिनिटभर हात तसेच ठेवायची. मी नेऊन दिलेली पुरणपोळी ती मान लववून घ्यायची, पण खायची नाही. बाहेरच्यांच्या हातचं तिला चालत नसे, भांडंसुद्धा नाही. मला राग यायचा. मग वाटायचं, सोवळं काय फक्त आपणच पाळावं?

महिन्यातून एकदा सिनान तिला गाडी करून दांडेलीला, काळी नदीवर न्यायचा. परत आली की ती ओल्या केसांनी फाटकातून आत यायची आणि दहा वर्षांनी लहान दिसायची. मला तिचा हेवा वाटायचा. मला कशानंच तसं व्हायचं नाही.

यंदा मार्चमध्ये तिच्या यकृतात गाठ निघाली. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आठवडा, फार तर दहा दिवस.

त्या शनिवारी सिनान तिची औषधं आणायला हुबळीला गेला होता. सकाळी अकराला गल्लीत आरोळी उठली, "नीर बंतु!" पाणी आलं. पाणी रविवारी येईल असा माझा अंदाज होता आणि मी सिनानलाही तेच सांगितलं होतं, पण ते एक दिवस आधीच आलं. आता अंगात बळ नाही, कंबर धरते, तरी त्या आरोळीसरशी मी उठतेच. मोटर लावली, जमिनीखालची टाकी भरायला घेतली, नळाला हंडा लावला.

सबीहाबाईच्या खोलीची खिडकी नळासमोरच आहे. ती पलंगावरून बघत होती. तिनं हात कसाबसा उचलून नळाकडं बोट केलं. मी म्हटलं, "हो हो, भरतेय. तुमच्यासाठीपण भरतेय." तिनं पुन्हा बोट केलं. मी तांब्याभर पाणी आत नेलं. तिनं मान फिरवली. तहान नसेल, असं म्हणून मी बाहेर आले आणि त्यांच्या वाटचे दोन हंडे काठोकाठ भरले, वर स्वच्छ फडकी बांधली. बाराला पाणी गेलं. अर्ध्या तासानं सिनान आला. मी त्याला हंडे दाखवले आणि दोन शब्द कौतुकाचे ऐकायला उभी राहिले. तो हंड्यांकडं बघत तिथंच पायरीवर बसला.

मग त्यानं सांगितलं. तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीची मिसळ बोलतो. मी मराठीत सांगते. त्यांच्यात माणूस मरायच्या आधी, जीव असतानाच, त्याला वाहत्या पाण्यानं न्हाऊ घालून पांढरा सुती पोशाख घालतात. तो अंगावर असेल तर जीव पुढं जातो. मेल्यावर घालून उपयोग नाही. आईला नदीवर नेण्याची सोय आता उरली नव्हती. म्हणून त्यानं स्वीडनमधल्या त्यांच्या पुरोहिताला फोनवर विचारलं होतं. पुरोहित म्हणाला, नळ नदीला जोडलेला असेल आणि पाणी येत असताना तिथंच धरलं, तर चालेल. भरून ठेवलेलं नको. ते नदीपासून तुटलेलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"उद्या पाणी येणार म्हणालात ना? उद्या रविवार. आईला रविवारच हवा होता."

ती बाई बोट दाखवून सांगत होती आणि मी तिच्या डोळ्यांदेखत तिची नदी हंड्यात भरून मारत होते.

आमच्या देव्हाऱ्यात गंगाजलाचा गडू आहे, तोंडाला झाळ लावून बंद केलेला. सासऱ्यांनी काशीहून आणला होता. मुकुंदरावांनी अतिदक्षता विभागात प्राण सोडला तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते आणि गडू इथं घरी होता. दोन चमचे पाणी. मला सुचलंच नाही. तेव्हापासून चार वर्षं तो गडू मी रोज पुसते. आमचं पाणी पन्नास वर्षं कोंडलेलं चालतं, तिचं पाच मिनिटं हंड्यात राहिलेलं चालत नाही. पण वेळेवर न मिळणं काय असतं ते मला पुरतं ठाऊक होतं. मला रडू आलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं.

सोमवारी सकाळी सबीहाबाईचा श्वास बदलला. पाण्याची पुढची पाळी यायला अजून पाच-सहा दिवस होते. मी आमच्या भागाच्या वॉल्व्हमनला फोन लावला. नागोजी त्याचं नाव, अळणावरकडचा. लांब लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरतो. लोक देवळापुढं थांबत नसतील इतके नागोजीपुढं थांबतात. तो कोपऱ्यावर आला आणि सगळं ऐकून घेतलं.

"तसं सोडाय येत न्हाई, अक्का," तो म्हणाला. "किल्ली माझ्या हातात हाय म्हणून पाणी माझं न्हवं."

"ठाऊक आहे मला."

"आमच्यात बी मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालत्यात. पर चमचाभर."

"आमच्यातही," मी म्हटलं. "माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही, नागोजी."

तो बराच वेळ किल्लीच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आयतु, जमवतो. चारला सोडतो. लाइन धुतली म्हणतो, धा-पंधरा मिनटं. पर एक सांगतो. त्ये तुमच्या नळाला पोचायचं न्हाई. पाणी आलं की सगळ्या गल्लीच्या मोटरी वढत्यात. चौदा घरं. सगळ्या बंद ऱ्हायल्या तरच. आन् पैली तुमची."

म्हणजे मला गल्लीभर फिरायचं होतं. ज्या गल्लीत पाण्यावरून मी भांडले नाही असं घर नव्हतं, त्या गल्लीत. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, गुडघ्यांत कळ.

पहिल्या घरी मी सगळं नीट समजावून सांगितलं. इराक, याह्या, यार्दना, पांढरा पोशाख. दहा मिनिटं गेली. घरची बाई म्हणाली, "म्हणजे मुसलमानच ना?" दुसऱ्या घरी याह्या गाळला. चौथ्या घरी इराक गाळला. सहाव्या घरी एक आजोबा म्हणाले, "असा धर्मच नाही, मी ऐकलेला नाही." मी म्हटलं, "तुम्ही ऐकायचा राहिला म्हणून तो थांबलेला नाही." आठव्या घरापासून मी एवढंच म्हणत होते, "मागच्या खोलीतली बाई चाललीय. तिला वाहतं पाणी लागतं. चारला मोटर लावू नका." आणि गंमत अशी की लोकांना तेवढंच लगेच कळत होतं. कुणी जास्त विचारलं नाही. एक-दोघी नुसत्या "अय्यो पाप", म्हणजे बिचारी, असं म्हणून मान हलवून आत गेल्या.

शेवटी समोरचं घर राहिलं, श्रीहर्षचं. तारिहाळला कारखान्यात इंजिनियर आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं दणकट मोटर बसवली आणि आमचा नळ आटला. मी अर्ज केला, त्यानं माझ्या मोटरीविरुद्ध उलटा अर्ज केला. तेव्हापासून बोलणं बंद. त्या दिवशी त्याची रात्रपाळी होती, म्हणून घरी सापडला. दार उघडून तो नुसता उभा राहिला. मी सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही, टीचर?" तो म्हणाला. "आम्ही बंद करायची आणि तुमची चालू?"

रागावण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. मी घरी आले, मोटरीचा फ्यूज काढला, परत रस्ता ओलांडला आणि तो त्याच्या तळहातावर ठेवला. "तुझ्याकडंच राहू दे," मी म्हटलं. त्यानं फ्यूजकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"नागोजी सोडेल तेवढा वेळ."

त्यानं दार लोटलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

चारला मी अंगणात नळापाशी होते. खोलीत सिनाननं पलंग फिरवून आईचं तोंड उत्तरेकडं केलं होतं. पांढरा पोशाख घडी करून उशाशी ठेवला होता. तिनं तो स्वतःच शिवला होता, गेल्या दिवाळीत, माझ्याच ओट्यावर बसून. मला वाटलं होतं, उन्हाळ्यासाठी काही शिवतेय.

नळातून आधी हवा आली. मग खोकल्यासारखा आवाज आला. कुणाच्या तरी घरून सवयीनं आरोळी उठली, "नीर बं..." आणि तिला कुणीतरी गप्प केलं. नळाला करंगळीएवढी धार लागली आणि पुन्हा बारीक झाली. समोरून मोटरीची घरघर येत होती. मी फाटकाकडं बघत राहिले. मला कुणाला शिव्या द्यायच्या नव्हत्या, मला फक्त बसायचं होतं. तेवढ्यात घरघर थांबली. श्रीहर्षची म्हातारी सासू गच्चीवरून ओरडली, "मी लावली होती चुकून, मला कुणी सांगितलंच नाही!"

मग धार मोठी झाली. मनगटाएवढी. चौदा घरांपैकी एकही मोटर चालू नव्हती. चाळीस वर्षांत पाण्याच्या वेळी ही गल्ली इतकी शांत मी ऐकली नव्हती.

सिनान त्यांचा पितळी लोटा घेऊन आला. मी दोन पावलं मागं सरले, माझा पदर त्याला लागू नये म्हणून. त्यानं लोटा धारेखाली धरला, भरला, आत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा जाताना म्हणाला, "पोशाख घालून होईपर्यंत नळ बंद करू नका. वाहू दे."

मग आतून त्याचं म्हणणं ऐकू येऊ लागलं, त्यांच्या भाषेतलं, एका सुरात. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मी नळापाशी उभी राहिले. पाणी दगडावर पडत होतं, मोरीतून गटारात जात होतं, गटारातून गल्लीत. फाटकाशी बायका येऊन थांबल्या होत्या, ज्यांच्या घरी पिंपं अर्धी होती त्यासुद्धा, आणि त्या पाणी जाताना बघत होत्या. कुणी बादली पुढं केली नाही. माझे हात मात्र शिवशिवत होते. जवळच रिकामी घागर होती. ती मी पायानं लांब सारली आणि पाणी जाऊ दिलं.

मंगळवारी पहाटे ती गेली, त्याच पोशाखात. सिनाननं मला ते दारात उभं राहून सांगितलं आणि लहान पोरासारखा रडला. पण ते दुसऱ्या दिवशीचं. सोमवारी त्या वेळी मला फक्त धारेचा आवाज येत होता, आणि हळूहळू सिनानचा थांबला.

खिडकीतून आवाज आला. घोगरा, अगदी बारीक. एक जरी मोटर चालू असती तरी मला ऐकू आला नसता.

"शकुंतला," ती म्हणाली. "नल बंद. पानी वाया."

मी तिला बघायला वळले नाही. माझ्याच्यानं वळवेना. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, चाचपडत मी तोटी शोधली आणि नळ बंद केला.